जुनी बाइक स्टार्ट होत नाही? कार्बोरेटर खोलण्याआधी पेट्रोलची वाट टाकीपासून तपासा

दोन-तीन महिने पार्किंगमध्ये उभी असलेली बाबांची स्प्लेंडर. वर प्लास्टिकचं कव्हर, आत कोळ्याची जाळी. रविवारी सकाळी उत्साहाने कव्हर काढलं, चोक ओढला आणि किक मारली. एक, दोन, दहा, पंचवीस. घाम निघाला, पण गाडी काही निघेना. झालीच सुरू तर चौकापर्यंत जाऊन आचके देत बंद पडते. मग ढकलत गॅरेज गाठायचं, तिथे बसल्या जागी निदान होतं, “कार्बोरेटर गेलाय, बदलावा लागेल.” नवा कार्बोरेटर बसतो, गाडी छान चालते आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं!

ही गोष्ट अनेक घरांतली आहे. गंमत अशी, की बऱ्याचदा जुन्या कार्बोरेटरमध्येही काही बिघडलेलं नसतं. त्यात वरून कचरा आलेला असतो. टाकीतला गंज आणि पाणी तसंच ठेवून नवा कार्बोरेटर लावला, तर तोही त्याच कचऱ्याने भरणार. म्हणून जुन्या गाडीची तपासणी खालून वर नाही, तर वरून खाली करायची. आधी टाकीचं झाकण, मग टाकी, कॉक, नळी आणि शेवटी कार्बोरेटर.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम आले आणि बहुतेक नव्या बाइकमध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, स्प्लेंडरमध्येसुद्धा. पण त्याआधीच्या असंख्य गाड्या अजून रस्त्यावर आहेत. 1994 पासूनच्या हिरो होंडा स्प्लेंडर आहेत, 1985 ते 1996 या काळात बनलेल्या आणि आज लोक जिवापाड जपतात त्या यामाहा आरएक्स 100 आहेत. या गाड्यांचं एक बरं असतं. त्यांचा आजार समजून घ्यायला लॅपटॉप लागत नाही. डोळे, नाक, एक पारदर्शक बाटली आणि थोडा धीर पुरतो.

आधी कार्बोरेटर करतो काय ते पाहू

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू असतो ना? पाणी भरलं की तो वर येतो आणि नळ बंद करतो. कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या छोट्या वाटीत हुबेहूब हेच चालतं. तिथे चेंडूऐवजी फ्लोट असतो आणि त्याला टेकलेली एक बारीक सुई पेट्रोलची वाट उघडते किंवा बंद करते. वाटीत पेट्रोल कायम ठरावीक पातळीवर राहतं.

इंजिन हवा ओढतं, ती हवा कार्बोरेटरच्या निमुळत्या गळ्यातून वेगाने जाते. तिथे दाब कमी होतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जाऊन हवेत फवारलं जातं. जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, ज्याच्या मधोमध मोजून पाडलेलं छिद्र असतं. गाडी स्लोवर असताना ज्यातून पेट्रोल येतं, त्या पायलट जेटचं छिद्र अशा लहान गाड्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. एवढ्याशा छिद्रात काय अडकू शकतं याचा विचार करा, म्हणजे बाकीचा लेख अर्धा समजलाच.

आता उभ्या गाडीत काय होतं ते बघा. पेट्रोल म्हणजे एकच एक द्रव नाही, अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके, चटकन पेटणारे घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन सुरू व्हायला नेमके तेच लागतात. मागे राहिलेलं पेट्रोल हवेशी संयोग होऊन हळूहळू डिंकासारखा चिकट थर धरतं. टाकीत पेट्रोल भरपूर असल्याने तिथे वेळ लागतो. कार्बोरेटरच्या वाटीत मात्र ते थोडंसंच असतं, त्यामुळे काही आठवड्यांतच तिथली पातळी उतरते आणि जेटच्या छिद्रावर पिवळट-तपकिरी लेप बसतो. चालवून बिघडलेल्या गाड्यांपेक्षा न चालवून बिघडलेल्या गाड्यांची गॅरेजमध्ये गर्दी असते, ती यामुळेच.

काम सुरू करण्याआधी

पेट्रोलचं काम उघड्या हवेत करा, बंद पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबवर असलेल्या ठिणगीपर्यंत पोचते. इंजिन थंड असू द्या. सिगारेट, देवघरातला दिवा, गॅसची शेगडी, मोबाइलचा चार्जर लावलेला बोर्ड, सगळ्यापासून लांब बसा. शेजारी वाळूची बादली किंवा आग विझवायचं सिलिंडर असेल तर उत्तम. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर आग पसरते.

टाकीचं झाकण: दहा सेकंदांची तपासणी

गाडी सुरू होते, पाच-सात किलोमीटर मस्त चालते, मग दम तोडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होते. असं होत असेल, तर पुढच्या वेळी बंद पडल्यावर लगेच टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि झाकण सैल ठेवल्यावर गाडी पुन्हा सुरळीत चालली, तर चोर सापडला.

टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र असतं. ते धुळीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. झाकण साफ केलं की काम झालं, खर्च शून्य. या एवढ्याशा कारणासाठी लोकांनी आख्खे कार्बोरेटर बदलले आहेत!

झाकणाचं रबर मात्र वेगळा त्रास देतं. ते कडक होऊन चिरलं, की पावसाळ्यात झाकणाभोवती साचलेलं पाणी थेंबाथेंबाने टाकीत उतरतं.

टाकी: पारदर्शक बाटली सगळं सांगते

कॉक बंद करा, कार्बोरेटरकडची नळी काढा, तिचं तोंड पारदर्शक काचेच्या बाटलीत धरा आणि कॉक उघडा. या एका चाचणीतून तीन गोष्टी कळतात.

पहिली गोष्ट म्हणजे धार. ती अखंड आणि सारखी यायला हवी. थेंब-थेंब येत असेल किंवा आधी धार येऊन मग मंदावत असेल, तर अडथळा कार्बोरेटरच्या वर आहे. अशा वेळी कार्बोरेटर खोलणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून बादली दुरुस्त करणं. (काही स्कूटर आणि बाइकमध्ये इंजिनच्या खेचीवर उघडणारा कॉक असतो. तिथे इंजिन बंद असताना पेट्रोल येत नाही, तो बिघाड नव्हे.)

दुसरी गोष्ट म्हणजे वास आणि रंग. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणकन जातो. जुन्या पेट्रोलला आंबूस, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो आणि रंग गडद होतो. असं पेट्रोल ‘थोडं ताजं मिसळून’ वापरायच्या भानगडीत पडू नका, काढून टाका. गटारात मात्र ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या.

तिसरी गोष्ट पाहायला बाटली दहा मिनिटं न हलवता ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. लालसर गाळ दिसला तर टाकीत गंज आहे.

पाण्याचा विषय आजकाल जरा वेगळा झालाय. 6 फेब्रुवारी 2023 रोजी देशात ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री अधिकृतपणे सुरू झाली आणि आता पंपांवर सर्रास तेच मिळतं. उसापासून आणि मळीपासून बनणाऱ्या या इथेनॉलमध्ये आपल्या कोल्हापूर-सांगली-नगरच्या कारखान्यांचाही वाटा आहे. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. थोडं पाणी ते स्वतःत विरघळवून घेतं आणि गाडीला पत्ताही लागत नाही. पण मर्यादा ओलांडली, की पाणी इथेनॉललाही सोबत घेऊन वेगळं होतं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. वर उरतं ते इथेनॉल निघून गेलेलं पेट्रोल. अशी टाकी हलवून किंवा वरून ताजं पेट्रोल घालून सुधारत नाही, पूर्ण रिकामीच करावी लागते.

इथे कॉकची रचना लक्षात घ्या. ‘ऑन’वर पेट्रोल जरा उंचावरच्या नळीतून येतं आणि ‘रिझर्व्ह’वर थेट तळातून. म्हणूनच काही गाड्या ऑनवर झकास चालतात आणि रिझर्व्हला टाकलं की लगेच मिसिंग मारतात. तळातला सगळा गाळ आणि पाणी त्याच वाटेने येतं. याच्या उलट, रिझर्व्हवर चालते आणि टाकीत भरपूर पेट्रोल असूनही ऑनवर चालत नाही, तर कॉकची ऑनची नळी किंवा तिची जाळी बुजलेली असणार.

गंज कमी असेल तर टाकी उतरवून, रिकामी करून, आत मूठभर नट-बोल्ट टाकून हलवतात, दोन-तीनदा धुतात आणि पूर्ण वाळवतात. नट-बोल्ट मोजून टाका आणि मोजून काढा, ही सूचना हसण्यावारी नेऊ नका. टाकी गळत असेल आणि कोणी ‘लगेच वेल्डिंग करून देतो’ म्हणालं, तर थांबा. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. हे काम नीट धुऊन, वाफ काढून करणाऱ्याकडेच द्यायचं.

टाकी साफ झाली की कॉकची जाळी धुवा, नळी बदला. जुनी नळी बाहेरून बरी दिसते, पण वाकवल्यावर बारीक चिरा दिसतात. ई-20 ला चालणाऱ्या साहित्याच्या गाड्या 2023 पासून यायला लागल्या. त्याआधीच्या गाड्यांमधलं रबर इथेनॉलचं एवढं प्रमाण गृहीत धरून बनवलेलं नव्हतं. नळी, ओ-रिंग, कॉकचं वायसर या वस्तू स्वस्त आहेत, तिथे काटकसर करायचं कारण नाही.

प्लग काढून बघा, मगच कार्बोरेटरला हात लावा

पाच-सहा किक मारा आणि प्लग काढा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर इंजिनपर्यंत पेट्रोल पोचत नाहीये. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय, कदाचित गरजेपेक्षा जास्तच. मग एकतर गाडी ओव्हरफ्लो होतेय किंवा ठिणगीच पडत नाहीये. ठिणगीची तपासणी करायची तर पेट्रोलची बाटली लांब ठेवून, सांडलेलं पुसून, प्लगच्या छिद्रापासून दूर करा. एक मात्र खरं, कार्बोरेटरच्या नावाने ओरडा होणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा आजार शेवटी प्लग किंवा प्लगच्या टोपीत निघतो.

चालत्या गाडीचा प्लग कोरडा, काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. अशा वेळी सर्वात आधी एअर फिल्टर पाहा. पांढराफटक असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. फोर-स्ट्रोक गाडीत हलका तपकिरी रंग ठीक समजला जातो.

आता कार्बोरेटर, पण न खोलता

वाटीच्या तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो. खाली बाटली धरून तो सैल करा, दोन चमचे पेट्रोल बाहेर येऊ द्या. त्यात पाण्याचे गोळे किंवा गंजाचे कण दिसले, तर काय अडकलं होतं ते कळलं. कॉक उघडा ठेवूनही काहीच आलं नाही, तर फ्लोटची सुई अडकली असावी. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलक्या टिचक्या मारा. अनेकदा एवढ्यानेच ती सुटते. हातोडी मात्र नको, वाटीचा धातू ठिसूळ असतो.

उलट प्रकार म्हणजे गाडी उभी असताना कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकणं. सुईखाली कचरा आहे, सुई झिजली आहे किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडाला आहे. याकडे ‘थोडंच तर गळतंय’ म्हणून दुर्लक्ष करू नका. आगीचा धोका तर आहेच, पण पेट्रोल बाहेर न पडता इंजिनमध्ये उतरलं तर ते रिंगांवरून खाली ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल मोजायच्या काडीवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करायची नाही. आधी सुई दुरुस्त करायची, मग ऑइल बदलायचं. जुनी माणसं रात्री कॉक बंद करायची, ते नुसत्या कंजूषपणाने नव्हे.

यानंतर एक सोपं कोष्टक डोक्यात ठेवा: अॅक्सिलरेटर किती पिळल्यावर त्रास होतो? स्लोवर आणि पावभर पिळेपर्यंत पायलट जेटचं राज्य असतं. पाव ते पाऊण या पट्ट्यात स्लाइडला लटकलेली निमुळती सुई पेट्रोलचं प्रमाण ठरवते. पाऊणच्या पुढे मेन जेट. त्यामुळे सिग्नलला बंद पडणारी, पण हायवेवर व्यवस्थित पळणारी गाडी पायलट जेटकडे बोट दाखवते. गावात छान आणि चढावर, पूर्ण पिळल्यावर दम तोडणारी गाडी मेन जेट किंवा अपुरी धार दाखवते. बाटलीची चाचणी आधी केली असेल, तर यातलं दुसरं कारण तुम्ही कधीच बाद केलेलं असेल.

चोक हाही चांगला डॉक्टर आहे. इंजिन तापल्यावरही चोक ओढूनच गाडी चालत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. पायलट जेट बुजलाय, किंवा कार्बोरेटर आणि इंजिनच्या जोडावरून जादा हवा आत येतेय. स्लोवर असताना त्या जोडावर पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज बदलला तर गॅस्केट किंवा रबर गेलं.

हे ‘पेट्रोल कमी’ प्रकरण ई-20 ने आणखी थोडं वाढवलंय. पेट्रोल जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला साधारण 9 पट. कार्बोरेटरचा जेट मात्र जुन्या मापाचाच, तो इंजेक्शनवाल्या गाड्यांसारखा स्वतःला जुळवून घेत नाही. परिणामी मिश्रणात हवा जरा जास्त होते. स्वच्छ कार्बोरेटर असलेल्या स्प्लेंडरला हे बऱ्यापैकी पचतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात अशा दुचाकींच्या मायलेजमध्ये 3 ते 4 टक्के घट अपेक्षित धरली आहे. पण त्यात जेट अर्धवट बुजलेला असेल, तर दुष्काळात तेरावा महिना. आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाडीत हे जास्त गंभीर. तिथे पेट्रोल कमी पडलं की इंजिन भलतंच तापतं आणि पूर्ण वेगात पिस्टन जॅम होऊन मागचं चाक लॉक होऊ शकतं. ‘पिकअप कमी वाटतोय, पण चालतेय ना’ म्हणत ती दामटवणं अंगाशी येतं.

खोलायचाच असेल तर

प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. खाली पांढरा कपडा पसरा, म्हणजे उडालेली स्प्रिंग सापडेल. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवा, परत बसवताना तेवढाच बाहेर ठेवायचा. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो बहुधा हवा नियंत्रित करतो, बाहेर काढला की हवा वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर बहुधा पेट्रोल, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. हे न कळता लोक तासभर उलट्या दिशेने ‘ट्यूनिंग’ करत बसतात.

जेट साफ करायला कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे आणि हवेचा झोत वापरा, डोळ्यांवर चष्मा लावून. पिन, सुई, ब्रेकची तार आत घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र केसभर मोठं झालं तरी मायलेज कायमचं घसरतं. फार तर ब्रशचा नायलॉनचा एखादा केस. स्प्रे मारण्याआधी ओ-रिंग आणि रबराचे भाग बाजूला काढा. जेट उजेडाकडे धरून पाहिला की छिद्र गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. दिसलं नाही तर पुन्हा भिजवा, घाई नको.

आणि गॅरेजमध्ये कार्बोरेटर बदलायचं ठरलंच, तर दोन गोष्टी विचारा: टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून पाहिलं का, आणि जुना कार्बोरेटर परत मिळेल का? स्लाइड आणि बॉडी झिजून सैल झाली असेल, तर बदलणं योग्यच आहे. नाहीतर मूळ कार्बोरेटर साफ करून, सुई आणि गॅस्केटचा किट टाकून तो बाजारातल्या स्वस्त नकलेपेक्षा चांगला चालतो.

पुढच्या वेळी गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर निघण्याआधी कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी रिकामी होते, थर बसायला पेट्रोलच उरत नाही. उरलंसुरलं ड्रेन स्क्रूमधून काढा. टाकी मात्र अर्धी ठेवू नका. रिकाम्या भागात दमट हवा शिरते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात ती गंजाला पुरेशी असते. थोड्या दिवसांसाठी टाकी काठोकाठ भरून ठेवा, अनेक महिन्यांचा प्रश्न असेल तर पूर्ण रिकामी करून आत ऑइलचा हात फिरवा.